चार नंबरच्या बसमध्ये उभी राहणारी तनुजा

तनुजा भालकेबद्दल मला फार थोडं माहीत आहे. ती धाराशिव जिल्ह्यातल्या उमरगा तालुक्यातली. गावाचं नाव तिनं सांगितलं होतं, ते मी विसरलो. तिला पिंकी नावाची धाकटी बहीण होती. वडील होते की नव्हते ते मला सांगता येणार नाही. पाच वर्षं मी तिला आठवड्यातले सहा दिवस पाहिलं, पण रविवारी ती काय करायची, कुठं जायची, कशाला हसायची, यातलं काही मला ठाऊक नाही. जे ठाऊक आहे ते कंपनीच्या टाइम ऑफिसात हजेरी लिहिताना खिडकीतून दिसलं तेवढंच. अशा माणसानं कोणाबद्दल लिहू नये असं मला अजूनही वाटतं. मला लिहिता येतही नाही. बँकेचे अर्ज आणि सोसायटीला पाण्याच्या तक्रारी सोडल्या तर निवृत्तीनंतर मी काही लिहिलेलं नाही.

पण गेल्या महिन्यात मोशीच्या एका मंगल कार्यालयात आमच्या कंपनीतल्या जुन्या लोकांचा स्नेहमेळावा झाला. जेवणाआधी ज्याला वाटेल त्यानं माइकवर बोलायचं होतं. आमच्याबरोबर काम करणारा गणराज उठला. आता त्याचे कानापाशी केस पिकलेत, अंगानं भरलाय. म्हणाला, "मित्रांनो, मी अजून लग्न केलं नाही. का केलं नाही, तुम्हाला माहीत आहे." मागून शिट्ट्या आल्या. "ती जिथं असेल तिथं सुखी राहो. मी थांबलोय." टाळ्या थांबेनात. दोन बायकांनी डोळ्यांना पदर लावला. आमचे जुने सुपरवायझर उद्धवराव स्टेजवर चढले, त्याला मिठी मारली आणि माइकमध्येच म्हणाले, "अशी माणसं आता होत नाहीत, राव!" माझ्या शेजारचा एक जण गुलाबजाम खाता खाता मला म्हणाला, "काका, पिक्चर निघेल यावर."

मी ताट ठेवलं आणि रिक्षा करून घरी आलो. घरी बायको, सुमेधा, गवार निवडत होती. तिला सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून, आजवर न सांगितलेलंसुद्धा. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "इतकी वर्षं गप्प राहिलात, आणि आता मला काय सांगता? ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांना सांगा."

त्यांना सांगायला माझ्याकडे माइक नाही. म्हणून हे.

आमची कंपनी चाकणला. गाडीच्या आत दिव्यांना, हॉर्नला, मीटरला ज्या वायरी जातात त्यांच्या जुड्या आम्ही बांधायचो. त्या कामाला मुली घेतात. लातूर, धाराशिव, बीड, जळगाव, कुठकुठल्या तीनशे मुली होत्या, बहुतेक कंत्राटावर. तनुजा शेवटच्या टेबलावर तपासणीला होती. लाकडी बोर्डावर जुडी लावायची, प्रत्येक टोक आपल्या खाचेत बसलं की तिथला दिवा लागायचा. सगळे दिवे लागले की माल पास. तनुजा दिव्याची वाट बघत नसे. बोटं फिरवून सांगायची, "ही तिसरी ढिली हाय." आणि ती ढिली निघायची.

तिची जीभ तिखट होती. मुलींच्या मोरीत साबण नसला की ती रिकामी साबणदाणी घेऊन माझ्या खिडकीशी यायची. "काका, हे बघा. ह्याच्यानं हात धुवून दाखवा." साबण माझ्या खात्यात येत नव्हता, पण ती म्हणायची, "तुमी खिडकीत बसताव, तुमाला फोन हाय. लावा." मी लावायचो. माझं पेन घेऊन जायची आणि परत द्यायची नाही. अशी चार-पाच पेनं गेली. तिचं मोठ्यानं हसणं टाइम ऑफिसपर्यंत यायचं, आणि उद्धवराव म्हणायचे, "ए रेडिओ, आवाज कमी कर." ती म्हणायची, "सर, सेल संपले की आपोआप बंद होईल. संपंना झालेत त्याला मी काय करू?"

तिला कायम व्हायचं होतं. चार वर्षं कंत्राटावर काढली होती. त्या वर्षी दिवाळीनंतर बारा मुलींना कायम करायचं ठरलं होतं, आणि यादीत तिचं नाव पहिलं आहे हे सगळ्यांना माहीत होतं. कायम झालं की मोशीत स्वतःच्या नावावर खोली भाड्यानं घ्यायची आणि पिंकीला इकडे कॉलेजला आणायचं, एवढाच तिचा बेत होता. मला तिनं तो खिडकीतून दहा वेळा सांगितला असेल. "कंत्राटवाल्या पोरींना कोण खोली देतंय, काका? तिघींत एक देतात, वर भाडेकरार मालकाच्या मेव्हण्याच्या नावानं."

गणराज सेटर होता. म्हणजे वायरीच्या टोकाला धातूचं टोपण दाबून बसवणारी मशीनं असतात, ती जुळवून द्यायची, बोर्ड बिघडला तर तोही दुरुस्त करायचा. हात चांगला होता त्याचा, हे खोटं कशाला सांगू? एकदा तनुजाच्या बोर्डाचे दिवे उगाचच लागायला लागले. सगळे म्हणाले वायर खराब, ती म्हणाली बोर्ड खराब. गणराजनं उघडून पाहिला, बोर्डच खराब निघाला. त्यानं दुरुस्त केला. ती म्हणाली, "बरं केलंत." झालं ते एवढंच. मी नंतर किती वेळा आठवून पाहिलं, आणखी काही झालं होतं का. नव्हतं. या दोन शब्दांवर त्या माणसानं पुढचं सगळं उभं केलं.

महिन्याभरानं त्यानं तिला कँटीनमध्ये लग्नाचं विचारलं. चारचौघांत विचारलं म्हणून तिनं उत्तरही चारचौघांत दिलं. ताट हातात घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "गणराजभाऊ, मला तुमच्याशी लग्न करायचं नाही. दुसऱ्या कुणाशी ठरलंय असंबी नाही, उगाच तसं समजू नका. मला नको, बस्स."

'भाऊ' ऐकून टेबलावरचे हसले. कोणीतरी ओरडलं, "गणराज, राखी बांधून घे!" तो हसला नाही. म्हणाला, "मी थांबतो."

इथून लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. नकार पचवला, शिवी दिली नाही, दारू पिऊन तमाशा केला नाही, थांबतो म्हणाला. केवढं मोठं मन! मलाही तसंच वाटलं. आता लाज वाटते म्हणून ते टाळून पुढं जाता येणार नाही. मला वाटलं, बिचारा.

मुली फक्त सकाळच्या फर्स्ट शिफ्टला किंवा दिवसाच्या जनरलला असायच्या. सेटर दर आठवड्याला बदलायचे. कोण कुठल्या शिफ्टला आणि कुठल्या नंबरच्या बसला, हे मी लिहायचो आणि दर शनिवारी बोर्डावर लावायचो. हेच माझं काम. गणराज खिडकीशी आला. "काका, मला कायमची फर्स्ट द्या. ती फर्स्टला आहे. रोज दिसली तर मन बदलेल तिचं. लग्नाचं काम आहे, पुण्य लागेल तुम्हाला." माझ्या आयुष्यात कोणाच्या लग्नाला माझा कधी उपयोग झाला नव्हता. मी दिली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'बसमार्गाची सोय'.

दोन महिन्यांनी तनुजा आली. "काका, मला जनरलला टाका."

"का गं?"

"सकाळी उठवंना झालंय."

मी हसलो आणि टाकलं. शनिवारी यादी लागली. सोमवारी गणराज खिडकीशी. मी त्यालाही जनरलला टाकलं. कारण, बसमार्गाची सोय.

जनरलला मी स्वतः होतो. चार नंबरची बस, चिंचवडहून निघून भोसरी, मोशी करत चाकणला जाणारी. मी आणि गणराज भोसरीला चढायचो, तनुजा मोशीला. कंपनीच्या बसमध्ये रुमाल टाकून जागा धरायची पद्धत आहे. ज्याचा रुमाल त्याची सीट, त्यावर कोणी भांडत नाही. गणराज पहिल्या दिवसापासून आपल्या शेजारच्या सीटवर तिच्यासाठी रुमाल टाकायचा. पांढरा, इस्त्रीचा. बस भरायची, पण त्या जागेवर कोणी बसायचं नाही. 'वहिनींची सीट.' तनुजा चढायची, बघायची, आणि दांडा धरून उभी राहायची.

"वहिनी, बसा की! सीट रुसलीय तुमच्यावर."

"गणराज, वहिनींना खिडकी पाहिजे, खिडकी दे."

"उभ्या उभ्या संसार कसा व्हायचा, वहिनी?"

ती पहिले काही दिवस उत्तर द्यायची. "वहिनी तुझ्या घरी हाय का बघ, नाष्टा केलाय का तिनं तुला." पोरं आणखी हसायची. नंतर तिनं उत्तरं देणं सोडलं. मोशी ते चाकण, कुरुळीला, चिंबळी फाट्याला ट्रेलरची रांग लागली की पाऊण-पाऊण तास. आठ तास उभ्यानं काम करणारी मुलगी जाताना उभी, येताना उभी. सात महिने. बसमध्ये एक रिकामी सीट असताना.

मी तिसऱ्या रांगेत बसायचो. एकदाही उठलो नाही. "इथं बस" म्हणालो नाही. मला वाटायचं, मी उठलो तर सगळे माझ्याकडे बघतील, म्हातारा मध्ये कशाला पडतो म्हणतील. सात महिने बसलो. आज मोशीवरून पीएमपीच्या बसनं जाताना कोणी बाई उभी दिसली की माझं डोकं भणभणतं, आणि मी उठतो, आणि त्या बाया म्हणतात, "बसा हो आजोबा." तेव्हा तर जास्तच.

त्याच दिवसांत गणराजची आई तिच्या खोलीवर गेली. यशोदाबाई. नारळ, खण, तांदूळ घेऊन. तनुजानं मला हे खिडकीशी सांगितलं, हसत. यशोदाबाई म्हणाल्या, "माझं लेकरू जेवत न्हाई गं. तू हो म्हणलीस तर तुझं काय जातंय?" तनुजा म्हणाली, "मावशी, पोरगं जेवत नसंल तर त्याला भरवा. मी काय खानावळ काढलीय?" यशोदाबाई रडत खाली गेल्या आणि जिन्यात बसून राहिल्या. खोलीच्या मालकानं तनुजाला बोलावून सांगितलं, असले प्रकार इथं चालणार नाहीत. प्रकार कोणी केला? नारळ घेऊन कोण आलं होतं? पण खोली सोडायची वेळ तनुजावर आली असती.

मी काय म्हणालो, ते आठवतं. मी म्हणालो, "आईचं काळीज असतं, तनुजा."

ती म्हणाली, "माझी बी आई हाय, काका." आणि पुढं म्हणाली, "मला परत फर्स्टला टाका. तुमीच एक हाव हितं, सांगितलं की करताव."

मी टाकलं. मनाशी ठरवलं होतं, आता गणराजला हलवायचं नाही. शनिवारी यादी लागली. सोमवारी तो आला, खिशात राजीनामा. खिडकीच्या गजांवर डोकं टेकवून रडला. मोठा माणूस, हातोडीनं मशीन ठोकणारा, रडला. मागं रांग उभी होती, सगळे बघत होते. मला ते सहन होईना. कोणाचं रडणं बघवत नाही म्हणून नव्हे. सगळ्यांचं माझ्याकडे बघणं सहन होईना म्हणून. तेवढ्यात उद्धवरावांचा फोन, "अहो मधुसूदनराव, द्या ना त्याला. असा सेटर शोधून मिळणार नाही. जातोय कुठं, शिफ्टच तर मागतोय." मी दिली. तिसऱ्यांदा. बसमार्गाची सोय.

ती उभी राहून थकली म्हणून पळत होती, आणि तिच्या पाठीवर मीच तो माणूस पुन्हा पुन्हा बांधत होतो. तिला हे माहीत नव्हतं. तिला वाटायचं उद्धवराव करतात.

मग खंडेनवमी आली.

आमच्याकडे खंडेनवमीला दुपारी मशीनं बंद. सगळं पुसायचं, झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ, पेढे. ज्याचं मशीन त्यानं पूजा करायची. चपला बाहेर. पेढ्यांची खोकी वाटायचं काम टाइम ऑफिसकडे, म्हणून मीही आत होतो. गणराज सकाळीच येऊन बसला होता. त्यानं तनुजाच्या बोर्डासमोर मोठी रांगोळी काढली होती. मध्ये कलश, त्याच्या एका बाजूला 'गणराज', दुसऱ्या बाजूला 'तनुजा'. अक्षरांत गुलाल भरलेला. रांगोळी सुंदर होती. म्हणूनच जास्त संताप येतो.

सगळे भोवती जमले. मोबाइल वर झाले. उद्धवरावांनी आरतीचं ताट तनुजाच्या हातात दिलं. "घे गं रेडिओ, तुझ्या बोर्डाची पूजा तूच कर. देवापुढं तरी राग सोड."

तिनं ताट घेतलं. रांगोळीतली दोन्ही नावं वाचली. मग ताट बाजूच्या टेबलावर ठेवलं, पुढे झाली आणि पायानं आपलं नाव पुसलं. फक्त आपलं. त, नु, जा. कलशाला तिचा पाय लागला नाही, गणराजच्या नावालाही लागला नाही. मी चार हातांवर होतो, माझे डोळे तेव्हा चांगले होते. तिच्या तळव्याला गुलाल लागला. ती म्हणाली, "माझं नाव मी पुसलंय. ज्याचं त्यानं बघा."

गलका झाला. "पूजेला पाय लावला!" "सणाच्या दिवशी!" "माजलीय!" मुलीसुद्धा ओरडल्या. गणराज खाली बसला, हातानं ती पुसलेली जागा नीट करू लागला. त्यावर तर लोकांचा जीव कळवळला. एकानं काढलेला व्हिडिओ तासाभरात सगळ्या ग्रुपवर होता. त्यात नाव दिसत नव्हतं, कलश दिसत नव्हता. पाय दिसत होता.

दुसऱ्या आठवड्यात चौकशी. पूजेला पाय लावल्याची तक्रार तनुजावर होती, तिनंही गणराजविरुद्ध लिहून दिली होती, दोन्ही एकत्र घेतल्या. समितीत एचआरच्या निवेदिता मॅडम, उद्धवराव आणि कामगारांकडून एक जण. मला शिफ्टचं रजिस्टर घेऊन बोलावलं होतं. मी भिंतीकडच्या खुर्चीवर बसलो.

निवेदिता मॅडम तरुण होत्या, सरळ विचारायच्या. "तनुजा, त्यानं तुला कधी हात लावला?"

"नाही."

"घाणेरडं बोलला? धमकी?"

"नाही. मॅडम, तो थांबतो."

"थांबतो म्हणजे?"

"मी जिथं आसंन तिथं थांबतो. शिफ्ट बदलली तर तिथं येऊन थांबतो. मी बसमधी उभी राहते आणि तो बसून थांबतो."

उद्धवराव म्हणाले, "थांबायला कुठल्या नियमात मनाई आहे? आणि हिनं देवाला पाय लावला त्याचं काय?"

"देवाला नाही लावला. माझ्या नावाला लावला."

मॅडमनी मला विचारलं, "काका, तुम्ही तिथं होतात ना? तुम्ही काय पाहिलं?"

मी म्हणालो, "मी पेढ्यांच्या खोक्यापाशी होतो."

हे माझं उत्तर. विचारलेल्या प्रश्नाला खोक्यापाशी होतो असं उत्तर.

त्यांनी रजिस्टर ओढून घेतलं. पानं उलटली, पुन्हा मागं गेल्या. त्यांनी ते पाहिलं. तिची बदली, आणि त्याच आठवड्यात त्याची बदली. दोन वेळा. त्याआधी एकदा तो कायमचा तिच्या शिफ्टला. तिन्ही नोंदी माझ्या अक्षरात. त्यांनी पान माझ्याकडे फिरवलं. "काका, हे कसं? ती जाते तिथं हा जातो. ही बदली कोणाच्या सांगण्यावरून झाली? यानं कारण काय सांगितलं होतं तुम्हाला?"

सगळी चौकशी त्या प्रश्नावर आली होती. मी एवढंच म्हणायचं होतं की तिच्याजवळ राहायचंय असं तो मला म्हणाला होता, तीनदा. मग ते नुसतं थांबणं राहिलं नसतं. पण मग मी का दिली, हेही आलं असतं. मी निवृत्तीनंतर एकेक वर्षाच्या मुदतवाढीवर होतो आणि वाढीच्या कागदावर सही उद्धवरावांची. ते माझ्याकडे बघत होते. तनुजाही बघत होती, पण ती वेगळं बघत होती. तिनं रजिस्टरमधलं अक्षर ओळखलं होतं.

मी म्हणालो, "कर्मचाऱ्याच्या विनंतीवरून. बसमार्गाची सोय."

मॅडमनी आणखी एकदा विचारलं, "नक्की?"

"रकान्यात लिहिलंय तेच."

त्यांनी रजिस्टर मिटलं.

निकाल असा लागला. गणराजला समज. तनुजाला लेखी ताकीद, सहकाऱ्यांच्या भावना दुखावल्याबद्दल. आणि ज्याच्या नावावर ताकीद त्याला त्या वर्षी कायम करता येत नाही. दिवाळीनंतर यादी लागली, मीच लावली बोर्डावर. बारा नावं होती, तिचं नव्हतं.

ती त्याच दिवशी पंचिंग कार्ड द्यायला खिडकीशी आली. मी कार्ड घेतलं, पोचपावती लिहिली. ती म्हणाली, "काका, त्यो तुमच्याकडं तीनदा आला. मी बी दोनदा आले. त्याला काय पाहिजे ते तुमी ऐकलंत. मला एकदा तरी नीट इचारायचं."

मी पावती पुढं केली. तिनं घेतली, माझ्या पेनानं सही केली आणि पेन खिडकीत ठेवून गेली.

गणराज आठ दिवस कामावर आला नाही. लोक त्याच्या घरी डबे घेऊन गेले. माझ्याही हातानं एक पिशवी संत्री गेली. लिहिताना हात थांबतो, पण गेली. तनुजाच्या खोलीवर कोणी गेलं का? कोणी गेलं नाही. मीही नाही. लोक म्हणाले, दगडाचं काळीज आहे तिचं. ज्याला नाही म्हटलेलं कळत नाही त्याचं काळीज कशाचं असतं, हे कोणी विचारलं नाही. आणि आज इतक्या वर्षांनी तो माणूस माइकवर सांगतो, मी थांबलोय, आणि हॉल उभा राहून टाळ्या वाजवतो! अरे, थांबू नकोस ना! एवढ्या दिवसांत तिनं तुझ्याकडे एकच गोष्ट मागितली, थांबू नको म्हणून. ती तेवढी सोडून तू सगळं दिलंस तिला.

मी डिसेंबरअखेर काम सोडलं. वाढ मिळाली होती, तरी सोडलं. त्यात मोठेपणा काही नाही. खिडकीत बसवेना.

फेब्रुवारीत पीएफच्या कागदावर एक सही राहिली म्हणून चाकणला गेलो होतो. दुपारी परत निघालो, आंबेठाण चौकात तनुजा दिसली. एका बंद दुकानाच्या शटरला पाठ लावून उभी होती. हातात पिशवी, पिशवीत दुसऱ्याच कंपनीचा हिरवा एप्रन. मी रस्ता ओलांडून पलीकडे जाणार होतो, खोटं कशाला बोलू. तिनंच हाक मारली.

"काका! इकडं कुठं चाललाव?"

मी पीएफचं सांगितलं. तिला विचारलं, काम कसं आहे.

"तेच काम, छोटी कंपनी हाय. परत कंत्राट, परत पहिल्यापासून."

"आणि पिंकी?"

"गावाकडंच. बघू पुढच्या वर्षी."

बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्यावरून रस्त्याच्या एका टोकाला बघायची, मग दुसऱ्या. माझ्या लक्षात यायला वेळ लागला, तो कुठं उभा तर नाही ना, हे ती बघत होती. ती शटरला पाठ लावून का उभी आहे, तेही तेव्हा लक्षात आलं. पूर्वी ती भर रस्त्यात मोठ्यानं हसत चालायची.

मी म्हणालो, "तनुजा, त्या दिवशी मॅडमनी विचारलं तेव्हा मी..."

"राहू द्या, काका."

राहू दिलं. तिनं राहू द्या म्हटल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवतो. समोरून सहा आसनी रिक्षा गेली, माणसं बाहेर लोंबकळत होती.

"भोसरीला जायचंय ना?" ती म्हणाली. "मग हितं नका थांबू, हितं समद्या भरूनच येत्यात. थोडं पुढं जावा, पंपापाशी रिकामी मिळंल."

"बरं," मी म्हणालो. "तू जेवलीस का?"

"जेवले की, काका."